तोफ्या कुणाचा?

"हा बघा, तुमच्या कुत्र्यानं शिवलेला सदरा!"

सकाळचं दव अजून वाळलं नव्हतं आणि शिंपी दोरवाल्याच्या अंगणात उभा राहून सदरा फडकवत होता. सदऱ्याची एक बाही बरोबर लागलेली, दुसरी पार उलटी. घालणाऱ्याचा एक हात खाली आणि दुसरा कायमचा नमस्काराला वर, असा तो सदरा होता.

दोरवाली काकू चाकापाशी बसून होती. तिनं सदऱ्याकडं बघितलं, शिंप्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कुत्र्याला मजुरी दिलीस का मग?"

"थट्टा नको, काकू! डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या. रात्रभर भू भू भू भू. दिवसा मशीनवर बसलो की मान पुढं पडते. परवा सुई बोटात गेली, आज ही बाही गेली. उद्या गिऱ्हाईक जाईल!"

"आम्ही नाही का झोपत?"

"तुम्ही कानात बोळे घालता! आणि काका..." शिंप्यानं हात झटकला. पुढं बोलायची गरज नव्हती.

काका म्हणजे दोरवाला. तरुणपणी तापात दोन्ही कान गेले, तेव्हापासून त्याच्या डोक्याशी ढोल बडवला तरी त्याची पापणी हलायची नाही. गावातलं सगळ्यांत दांडग्या आवाजाचं कुत्रं ज्याच्या दारात, त्यालाच तेवढं ते ऐकू येत नव्हतं. शिंप्याचं आणि त्याचं घर एका भिंतीचं. म्हणजे कुत्रं यांचं, आणि भुंकणं त्याचं.

काकाला भांडणाचा पत्ताच नव्हता. तो आपला उलट्या पावलांनी चालत होता. दोर वळायचं काम असं असतं, की एका टोकाला चाक फिरवणारा बसतो आणि दुसरा कमरेला वाख, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा झुबका, बांधून, बोटांनी तो सोडत सोडत मागं मागं जातो. दोर लांब होत जातो आणि माणूस लहान होत जातो. काकाच्या घरापासून शेताच्या वाटेपर्यंत अशी सरळ पट्टी होती, पायांनी तुडवून गुळगुळीत झालेली. काका मागं चालायचा आणि त्याच्याही मागं ते कुत्रं, तोफ्या. वाटेत शेळी बसली असेल तर उठवायची, गाडी येत असेल तर काकाच्या विजारीचा काठ दातात धरून ओढायचं, हे तोफ्याचं दिवसाचं काम. रात्रीचं काम शिंप्यानं सांगितलंच.

आमचं गाव उतारावर. खाली ओढा, ओढ्याला माणूसभर उंचीचं लव्हाळं, आणि त्या लव्हाळ्यात रानडुकरं. काळी, ओली, मऊ माती. माणसाला चिकटते आणि डुकराला आवडते. दोरवाल्याचं घर गावाचं शेवटचं, तिथून शेतं सुरू. सगळ्यांत आधी भोपळेवाल्याचं, मग मक्याची दोन, मग माझे बटाटे. डुकरं ओढ्यातून वर आली की पहिला आवाज तोफ्याचा. तो उठला की डुकरं आल्या पावली माघारी. हे सगळं गावाला ठाऊक होतं. पण श्वास घेतो हे जसं कुणी रोज बोलून दाखवत नाही, तसं हेही कुणी बोलत नव्हतं.

त्यात त्याच आठवड्यात तोफ्या टपालवाल्याला चावला. फार नाही, पोटरीला दोन दात. पण विजार फाटली, आणि ती शिवायला टपालवाला शिंप्याकडंच गेला. मग काय, तेल आणि वात एकत्र आली. दोघांनी मिळून पुढाऱ्याला गाठलं, आणि पुढाऱ्यानं गोदामात बैठक बोलावली.

पुढारी पोत्याच्या थप्पीवर बसला. त्याला उंचावर बसल्याशिवाय न्याय सुचत नसे.

"पहिला प्रश्न," तो म्हणाला, "कुत्रं कुणाचं?"

"माझं," काकू म्हणाली.

"मग चावण्याची भरपाई तुमची. भुंकण्याचा बंदोबस्तही तुमचा. रात्री आत बांधून ठेवायचं."

"ठेवते की," काकू म्हणाली. "पण पुढारी, एक सांगा. चावलं तर माझं, हे कळलं. राखण करतं तेव्हा कुणाचं? या सगळ्यांची पिकं उभी आहेत ती कुणाच्या नरड्यावर? त्याच्या पोटाला मी घालते. एकानं तरी कधी तुकडा टाकलाय का त्याच्यापुढं?"

गोदाम हसलं. भोपळेवाला सगळ्यांत मोठ्यानं हसला. माणूस भोपळ्यांत राहून भोपळ्यासारखाच झालेला, हसला की आधी पोट हलायचं.

"काकू, माझं शेत तुमच्या घराला लागून. पण गेली कित्येक वर्षं मी डुकराचं तोंड बघितलेलं नाही. जी डुकरं येतच नाहीत त्यांच्यासाठी मी कुत्रं कशाला पोसू?"

"येत नाहीत ती का येत नाहीत?"

"त्यांची मर्जी!"

पुन्हा हशा. मीही हसलो. माझे बटाटे तर भोपळ्यांच्याही पलीकडं. डुकरांनी यायचं म्हटलं तरी वाटेत पोट भरून जाईल, असा माझा हिशेब.

काकू उठली. पदर खोचला. "बरं. माझं कुत्रं, माझा दोर, माझी गाठ. बांधते."

आणि बांधलं. तिच्या हातचा पीळ, तो काय सुटतोय!

पहिले काही दिवस गाव असं झोपलं, की सकाळी उठल्यावर एकमेकांना झोपेच्या गोष्टी सांगत होतं. शिंप्याच्या बाह्या सरळ लागायला लागल्या. टपालवाला शीळ घालत फिरायला लागला. पुढारी तर भेटेल त्याला विचारायचा, "काय, लागली का झोप?" जणू झोप त्यानं घरून आणून वाटली होती.

मग एका सकाळी भोपळेवाल्याची बोंब ऐकू आली.

आम्ही धावलो. शेत नांगरल्यासारखं उकरलेलं, वेली गुंडाळून बांधावर फेकलेल्या, फुटलेल्या भोपळ्यांचा पिवळा गर चिखलात कालवलेला आणि त्यावर बिया दातांसारख्या विखुरलेल्या. एकेक भोपळा खाल्ला असता तर एवढं वाटलं नसतं, पण डुकरांनी प्रत्येकाची चव तेवढी घेतली होती. भोपळेवाला मधोमध उभा. पोट हलत नव्हतं.

"खाऊन तरी टाकायचे..." एवढंच तो म्हणाला.

पुढच्या खेपेला मका आडवा झाला. त्याच्या पुढच्या खेपेला, माझा हिशेब चुकला. बटाट्याच्या सरीत डुक्कर शिरलं की माणसाची आठ दिवसांची खणणी एका रात्रीत करतं, फक्त माल घेऊन जातं.

अडला हरी, म्हणतात तसे आम्ही सगळे काकूच्या दारात. शिंपी तेवढा मागं उभा, कारण त्याच्याकडं शेत नव्हतं, नुसती झोप होती.

"काकू, सोडा त्याला," पुढारी म्हणाला.

"का? शिंप्याची झोप?"

"अहो, ते बघू आपण. पिकं चालली!"

काकू चाक फिरवायची थांबली. "सोडते. पण आता फुकट नाही. सुगीला ज्याचं शेत, त्यानं पायलीभर धान्य द्यायचं. त्यातलं थोडं शिंप्याला देऊ, तो लांब गोदामाच्या माळ्यावर झोपायची सोय करील. तोफ्याचं पोट भरेल, तुमचं पीक राहील, त्याचा डोळा लागेल."

आता नीट बघितलं तर याच्यापेक्षा सरळ तोड कुठली? पण गावात सरळ फक्त काकाची पट्टी.

मक्यावाला म्हणाला, "माझं शेत मधे आहे. कडेच्यांनी जास्त द्यावं." भोपळेवाला म्हणाला, "माझं पीक तर गेलं! आता मी कशाची राखण विकत घेऊ, देठांची?" मी म्हणालो... मी काय म्हणालो ते जाऊ द्या, मक्यावाल्यासारखंच काहीतरी. प्रत्येकाला वाटायचं, बाकीच्यांनी दिलं की तोफ्या भुंकणारच, आणि भुंकायला लागला की माझं शेत सोडून थोडाच भुंकणार आहे! मग मी कशाला? असा विचार करून सगळे गप्प, आणि गप्प बसणाऱ्यांची पायली कधी भरत नाही.

शेवटी पुढाऱ्याला युक्ती सुचली. तो दगडावर चढला. "गाव करी ते राव न करी! कुत्रं गावाचं करून टाकू. पाळीपाळीनं खायला घालू. कुणा एकाचं देणं नको, घेणं नको."

काकूच्या नाकाचा शेंडा लाल झाला. संतापली की व्हायचा. "घ्या!" ती म्हणाली. "आजपासून गावाचं. पण उद्या चावलं तर माझ्या दारात यायचं नाही. आणि बदल्यात माझ्या गोठ्यावर तीन पत्रे टाकून द्या."

पत्रे आले. दोर सुटला. या सगळ्यात काकाला कुणी विचारलं नाही. विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं, आणि काकूला त्या दिवशी तेवढा दम नव्हता की धीर नव्हता, कुणास ठाऊक.

गावाचं कुत्रं झाल्यावर सुरुवातीला तोफ्याची चंगळ झाली. जो तो दुसऱ्याला दिसेल असा तुकडा टाकायचा. प्रत्येक घरानं त्याला आपलं वेगळं नाव ठेवलं. पुढाऱ्याकडं तो शेरखान, मक्यावाल्याकडं राजा, आमच्या घरी काळू. इतकं खाऊन तो दिवस मावळायच्या आतच घोरायला लागला. डुकरं त्याच्या अंगावरून गेली असती तरी त्यानं कूस बदलली असती.

मग पाळ्या चुकायला लागल्या. माझी बायको म्हणायची, "आज मक्यावाल्याचा दिवस." मक्यावाल्याची बायको म्हणायची, "काल जास्तीचं घातलंय, आज पुढाऱ्यांनी बघावं." पुढारी म्हणायचा, "सगळं गाव घालतंय, मी एकट्यानं न घातल्यानं काय मरतंय?" सगळं गाव घालत होतं आणि कुणीच घालत नव्हतं. तोफ्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. एकदा तो काकूच्या दारात येऊन बसला, तर तिनं तोंड फिरवलं. "गावाच्या मालाला हात लावायचा नसतो," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिच्याही ताटात अन्न उरलं, हे शिंप्याच्या बायकोनं भिंतीवरून बघितलं.

आणि एके दिवशी तोफ्या दिसेना.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते काकामुळं. काका आपला पट्टीवर मागं मागं चालत होता. वाटेनं पाण्याची गाडी आली. गाडीवाला ओरडला. गाडीवाल्याला माहीत होतं की काकाला ऐकू येत नाही, पण इतकी वर्षं तो ओरडायचा ते कुत्र्यासाठी. गाडीचा दांडा काकाच्या खांद्याला बसला. काका पडला तो मनगटावर.

काकू चाकापासून धावली. तोवर अख्खा दोर उलगडून मातीत लोळत होता. काका उठून बसला, मनगट धरून. पडल्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. तो मागं वळून वळून बघत होता. मग त्यानं काकूकडं बघून हात जमिनीपासून गुडघाभर उंच धरला. तोफ्या तेवढाच होता.

तिनं मनगटाला चिंधी बांधली. बांधताना एकदाही वर बघितलं नाही. त्या दिवसापासून चाक बंद.

तोफ्याचा पत्ता लागला तो डुकरांकडून. आमच्या शेतात ती पूर्वी कधी नव्हती एवढी यायला लागली. ओढ्याच्या पलीकडं एका कलिंगडवाल्याचा मळा. तिथून रात्री ओळखीचा आवाज यायचा, भू भू भू. तो तिकडं भुंकला की लव्हाळ्यातली सगळी डुकरं पाणी ओलांडून आमच्याकडं.

"आपलं कुत्रं, आपल्याच अंगावर डुकरं सोडतंय!" पुढारी खवळला. "चला, घेऊन येऊ!"

आम्ही निघालो. पुढारी, भोपळेवाला, मक्यावाला, मी. काकूही निघाली, खांद्यावर जाड दोराचं वेटोळं टाकून. कुत्र्याला बांधून आणायला असेल, असं आम्हाला वाटलं. तिच्या मागून गळ्यात हात अडकवलेला काका. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सगळे निघालेत म्हणून तोही निघाला. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, तळाचा गाळ पाय धरत होता.

कलिंगडवाला मळ्याच्या कडेला खुरपत होता. उठला नाही.

"आमचं कुत्रं तुझ्याकडं आहे," पुढारी म्हणाला.

"असेल."

"त्याच्या भुंकण्यानं डुकरं आमच्याकडं येतात."

कलिंगडवाल्यानं खुरपं मातीत रोवलं. "दादा, इतकी वर्षं ते तुमच्याकडं भुंकत होतं आणि डुकरं माझ्याकडं येत होती. तेव्हा आलात का कधी विचारायला, बाबा, तुझ्या कलिंगडांचं काय झालं?"

खरं सांगतो, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. डुकरं माघारी जातात एवढंच आम्ही बघितलेलं. माघारी म्हणजे कुठं, हे विचारायचं काम आमचं नव्हतं.

"ते काही नाही," पुढाऱ्यानं छाती काढली. "कुत्रं गावाच्या मालकीचं आहे. ठराव झालाय."

"नक्की तुमचं?"

"नक्की!"

"बरं झालं, धनी भेटला. आला त्या दिवशी उपाशी होता. माझ्या चार कोंबड्या खाल्ल्या. अंड्यावरच्या होत्या. भरून द्या."



पुढारी खोकला. "म्हणजे, गावाचं म्हणजे, तसं बघायला गेलं तर, गावात राहायचं. गावात काय, चिमण्याही राहतात."

"माझ्याकडं तर ते कधी जेवलंसुद्धा नाही," मक्यावाला म्हणाला. यात खोटं फारसं नव्हतं.

"भटकं कुत्रं ते," भोपळेवाला म्हणाला. "भटक्याला कसला धनी?"

काकूनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. "पुढारी, मग गावाचं नाही ना ते?"

"नाही."

"तुझं नाही? तुझं? बटाटेवाल्या, तुझं?"

मी मान हलवून नाही म्हणालो. चार कोंबड्या म्हणजे काही थोडं नाही.

"चौघं बोललात. हा पलीकडचा माणूस ऐकतोय." तिनं खांद्यावरचं वेटोळं कलिंगडवाल्याच्या पुढ्यात टाकलं. "ह्यानं मळ्याला दोन पदरी कुंपण होईल. कोंबड्यांचं फिटलं का?"

त्यानं दोर उचलला, दोन्ही हातांनी ताणून बघितला, पीळ बोटानं तपासला. "फिटून वर उरलं. पण काकू, कुत्रं आता माझ्याकडं रुळलंय. यायला तर पाहिजे."

"शेरखान!" पुढाऱ्यानं उगाच हाक मारली. "राजा!" मक्यावाला ओरडला. तोफ्या वेलींच्या सावलीत पडला होता. त्यानं कान हलवला, उठला नाही. माझ्या तोंडात काळू आलं होतं, ते मी गिळलं.

काका मागं होता. त्याला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. आमची तोंडं तिकडं वळलेली बघून त्यानं तिकडं बघितलं, आणि गळ्यातल्या फडक्यातून हात काढून नुसताच पुढं धरला. हाक मारायला त्याला कधी जमलंच नव्हतं. तोफ्या उठला. घाईनं नाही, कामावर यायला उशीर झालेल्या माणसासारखा, मान खाली घालून आला. काकाच्या मागं गेला आणि त्याच्या विजारीचा काठ दातात धरला.

काकू ओढ्याकडं तोंड करून उभी राहिली, बराच वेळ.

"न्या," कलिंगडवाला म्हणाला. "यात मी काय बोलणार?"

मनगट बरं झालं, चाक सुरू झालं. पण काकू आता कुणाकडं काही मागत नव्हती. रात्री तोफ्याला आत घ्यायची, दार लावायची. "माझं कुत्रं. माझ्या घरात झोपतं. शिंप्याची तक्रार नको." पुढाऱ्यानं आणखी एक बैठक बोलावली, पण थप्पीवर चढल्यावर बोलायचं काय ते त्याला सुचेना. ठराव झाला तो एवढाच, की ज्यानं त्यानं आपलं बघावं.

मग एके रात्री तोफ्याचा आवाज आला. भू भू भू. आम्ही अंथरुणात उठून बसलो. असं गोड भुंकणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाच्या अंगात शिंप्याच्या हातची नवी विजार होती. शिंपी म्हणाला, सहज दिली, म्हातारा माणूस. त्याची बायको मात्र माझ्या बायकोला म्हणाली की, काकूनं शब्द दिलाय, भुंकताना तोफ्याचं तोंड यापुढं ओढ्याकडं राहील, शिंप्याच्या भिंतीकडं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी अंधार पडता पडता मी शालीखाली पाटीभर बटाटे घेऊन मागच्या वाटेनं निघालो. मागच्याच आठवड्यात मी काकूशी बोलून ठेवलं होतं, की बाकीच्यांचं काही असो, तोफ्यानं माझ्या बांधाकडं तेवढी नजर ठेवावी. आणि हे कुणाला सांगू नये. काकू म्हणाली होती, "मी कशाला सांगू?"

बांधाच्या वळणावर भोपळेवाला समोर आला. त्यानंही शाल पांघरली होती. थंडी नव्हती. त्याचं पोट नेहमीपेक्षा बरंच पुढं आलेलं आणि एका बाजूला देठ दिसत होता.

"कुठं निघालास?" मी विचारलं.

"असंच. पाय मोकळे करायला. तू?"

"मीही."

पाय मोकळे करत दोघंही काकूच्या घरामागंच पोचलो. काकूच्या मागच्या दारातून तेवढ्यात मक्यावाला बाहेर आला, रिकामं पोतं झटकत. आम्हाला बघून त्यानं पोतं पाठीमागं धरलं. उघड्या दारातून आत दिव्याच्या उजेडात दोन मोठी कलिंगडं दिसत होती. आमच्या काठाला कलिंगड होत नाही.

"हवा बरी आहे आज," मक्यावाला म्हणाला.

"छान आहे," भोपळेवाला म्हणाला.

"फिरायला बरी," मी म्हणालो.

आणि आम्ही एकेक करून, एकमेकांकडं न बघता, पुढं सरकलो. आधी भोपळेवाला आत गेला. मी बाहेर उभा राहिलो, माझी पाळी येईपर्यंत.